कडू करवंदं

"करवंद कदी कडू असतंय व्हय, आक्का? तूच सांग."

शालूबाई मागून पुटपुटली आणि मातीनं भरलेली पाटी तिनं थोरल्या जावेच्या, कस्तुराबाईच्या हातात दिली. कस्तुराबाईनं ती पुढच्या बाईकडं सरकवली. टेपाडाच्या पायथ्याशी गडी कुदळीनं माती ओढत होते, बायका ती हातोहात खाली पोचवत होत्या, आणि खाली उभ्या असलेल्या बैलगाड्या ती नेऊन भाताच्या खाचरांत ओतत होत्या.

"म्या म्हनलं, दोन मुठी कच्ची करवंदं तोडते, ठेच्यात घालाया. तर भावजी गाडीवरनं वरडले. ती नगं, कडू हायती म्हनं. आंबट म्हनले असते तर मी गप बसले असते. कच्चं करवंद आंबटच असायचं. पर कडू? मला काय खुळी समजत्यात?"

"तुला ठेच्याची पडलीय," कस्तुराबाई म्हणाली. "पाटी धर नीट. माती माझ्या डोळ्यांत उडती."

भावजी म्हणजे कस्तुराबाईचा नवरा, कोंडाजी. खाली रांगेत त्याची गाडी उभी होती आणि तो बैलांच्या तोंडापुढं वैरणीची पेंढी सोडत होता. त्यानं वर पाहिलं नाही. कोंडाजी बोलायचा तेव्हा बहुधा बैलांशी बोलायचा, आणि बैलांनाही त्यातलं निम्मंच ऐकू येत असावं.

मळवली स्टेशनाच्या खालच्या अंगाला, रूळ आणि इंद्रायणी यांच्यामधली सगळी जमीन कंपनीनं घेतली होती. सरकारी हुकूम निघाला, मोजणीदार आले, खुणेचे दगड बसले, काटेरी तार आली. आत कारखाना होणार होता. कशाचा, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. लढाई चालू होती, म्हणून कुणी म्हणे बंदुकीच्या गोळ्यांचा, कुणी म्हणे पलटणीच्या बुटांचा. रखमाजी मुकादमानं तर एकदा 'डब्यातल्या दुधाचा' असं छातीठोक सांगितलं होतं, आणि म्हशी असलेली माणसं आठवडाभर खूष होती. एवढं मात्र सगळ्यांना कळून चुकलं होतं की कारखाना कशाचाही असो, त्याला जमीन परटाच्या इस्त्रीखालून काढल्यासारखी सपाट लागते. ज्यांची जमीन गेली, तीच माणसं आता रोजावर ती सपाट करत होती. दुसऱ्यांची करताना फारसं काही वाटत नसे. आपली आली की माणूस त्या दिवशी जरा गप्प असे, आणि बाकीचे त्याला तंबाखू जास्त देत.

आता उरलं होतं ते कोंडाजीच्या माळाचं टेपाड, म्हणजे वरला कोपरा. त्यावर एक पांगारा होता. चैत्र लागला होता आणि त्याची उरलीसुरली लाल फुलं खाली गळत होती. पांगाऱ्यापासून थोडं दूर, बांधाला लागून करवंदीची दाट जाळी होती. बाकी नुसतं वाळलेलं गवत.

या कोपऱ्यात कोंडाजीनं कधी नांगर घातला नव्हता. माळावर नाचणी करायचा, वरई करायचा, पण टेपाड आलं की बैल वळवायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तितं कातळ हाय." गावानं ते मानून घेतलं होतं. पावसाळ्यात त्या कातळावर कमरेइतकं गवत माजायचं, तरी मानून घेतलं होतं. शालूबाई नवी नवरी असताना एकदा तिथलं गवत कापायला निघाली, तेव्हा सासूनं तिला परत बोलावलं होतं. "तिकडं नगं गं. कातळ हाय." गवत कापायला कातळाची काय अडचण, असं शालूबाईच्या ओठांवर आलं होतं. पण सासूचा आवाज ऐकून तिनं विळा खाली ठेवला. काय ते तिला त्या आवाजातून समजलं, आणि पुढं तिनं कुणाला विचारलं नाही. शालूबाईनं न विचारलेली आयुष्यातली ती एकच गोष्ट असेल.

मानमोडीच्या साथीच्या साली गावात उभं माणूस शोधावं लागत होतं. घरोघरी तापाची अंथरुणं पडलेली, चुली थंड, गुरं दावणीला हंबरतायत. कस्तुराबाई तेव्हा विशीतली, पाळण्यात पहिली लेक. तापात तिला दिवस-रात्र कळेना. शुद्ध आली तेव्हा आढ्याला पाळणा नव्हता, नुसता दोर लोंबत होता. अंगावर पिणाऱ्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. भावकीतली माणसं सोबत जातात. त्या साली सोबत जायला कुणी उठू शकलं नाही. कोंडाजी एकटा गेला, आणि परत आला तो उघड्या डोक्यानं. त्याचं मुंडासं कुठं गेलं, हे घरात कुणी विचारलं नाही. पुढच्या बाजारी त्यानं नवं आणलं.

"इचारू नगंस," सासू म्हणाली होती. "बाप्याला असलं इचारत न्हाईत."

कस्तुराबाईनं विचारलं नाही. बारशाला ठेवलेलं नाव त्यानंतर घरात कुणी घेतलं नाही. मग मुलगा झाला, तो आता कर्जतला रेल्वेत लागला होता. मग एक मुलगी झाली, ती इंदुरीला दिली होती. दोघांनाही आपल्या आधी कुणी होतं हे सांगण्याची वेळ कधी आली नाही, म्हणजे आणली नाही.

पण डोळे काही कुणाच्या सांगण्यावर चालत नाहीत. पुढच्या साली नांगरटीला कोंडाजीनं टेपाडापाशी बैल वळवले, ते तिनं बघितलं. दुपारची भाकरी तो इतकी झाडं सोडून त्या एकट्या पांगाऱ्याखाली बसून खायचा, खोडाला पाठ लावून, करवंदीच्या जाळीकडं तोंड करून. तेही तिनं बघितलं आणि तिच्यापुरतं ठरवून टाकलं. तेव्हापासून ती भाकरी घेऊन गेली की निघताना तांब्यात उरलेलं पाणी पांगाऱ्याच्या बुडाशी ओतायची. दरवेळी. कोंडाजी बघायचा. एकदोनदा तो काही बोलेल असं वाटलं होतं. पण तो बैलांकडं उठून गेला.

---

दिगंबर ओव्हरसियर दुपारच्या सुमारास टेपाडावर आला. तळेगावचा मुलगा, सडपातळ, डोक्यावर साहेबी टोपी, पायांत धुळीनं पांढरे झालेले बूट. मजुरांना तो 'अहोजाहो' करायचा. त्याची सगळ्यांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली आणि मग त्याच्यासमोर शिव्या देणं अवघड होऊन बसलं.

"मुकादम," तो रखमाजीला म्हणाला, "पावसाच्या आत इथं कुंपणाची भिंत उभी राहायला हवी. तुमची माणसं आठवडाभर या टेपाडाच्या कडेकडेनंच खणतायत. मधे का शिरत नाहीत?"

रखमाजीनं कानामागची विडी काढली, पाहिली आणि परत कानामागं ठेवली.

"कातळ हाय, सायेब."

"कातळ?" दिगंबरचा चेहरा उजळला. "अहो, मग आधी सांगायचं नाही का! पायाला दगड हवाच आहे आपल्याला. सुरुंगवाले बोलावतो. दोन दिवसांत टेपाड मोकळं."

रांगेत पाट्या चालल्या होत्या, त्या थांबल्या. कस्तुराबाईच्या हातात एक भरलेली पाटी तशीच राहिली. पुढच्या बाईनं हात पुढं केले होते, तेही तिनं मागं घेतले. खाली कोंडाजी गाडीचं जू धरून उभा होता.

"तसा लय कातळ न्हाई सायेब," रखमाजी घाईघाईनं म्हणाला.

"किती आहे?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"म्हंजी... असंल, नसंल."

दिगंबरनं टोपी काढून कपाळ पुसलं. "बघा बुवा. असेल तर सुरुंग लावू, नसेल तर कुदळी लावा. बाजाराच्या सुट्टीनंतर मला काय ते सांगा."

तो गेल्यावर शालूबाईनं पदर खोचला. "मुकादम, तुमची जीब बाजारात नेऊन इकली तरी कुनी घेनार न्हाई."

"आता मी काय वंगाळ बोललो?" रखमाजी कळवळून म्हणाला. "इतकी वर्सं कातळच म्हनत आलो की समदे. मी काय निराळं बोललो?"



---

बाजारच्या दिवशी काम बंद असे. तारेच्या आत कुणी नव्हतं, फक्त शेळ्या. कस्तुराबाई नदीवरून येताना एक गोल, गुळगुळीत दगड पाटीत घालून घेऊन आली. टेपाडावर पोचते तो शालूबाई आधीच पांगाऱ्याखाली बसलेली, पुढ्यात वाटीत तेल आणि कागदाच्या पुडीत शेंदूर.

दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी भाकरी खाताना शालूबाई सहज म्हणाली होती, "देवाला मातूर कंपनीबी हात लावत न्हाई," आणि कस्तुराबाईनं सहज विचारलं होतं, "नदीला गोल दगड कुटं गावत्यात गं हल्ली?" एवढंच बोलणं झालं होतं.

कस्तुराबाईनं पांगाऱ्याच्या बुडाशी हातानं माती उकरली, दगड बसवला आणि चारी बाजूंनी दाबला. मग तिनं तांब्यातलं पाणी नेहमीसारखं ओतलं. शालूबाई शेंदूर कालवत होती ती मान दुसरीकडं वळवून बसली, ते पाणी ओतून होईपर्यंत.

"आता लाव," कस्तुराबाई म्हणाली.

शालूबाईनं हात सैल सोडून शेंदूर लावला. नवीन देव असल्यामुळं काटकसर करून चालणार नव्हतं. दोघी मागं सरून बघत असताना कोंडाजी बैल घेऊन नदीकडं चालला होता, तो टेपाडाशी थांबला. वर चढून आला. देवाकडं पाहिलं. मग पांगाऱ्याकडं पाहिलं, मग जाळीकडं, मग बायकोकडं. त्याचा हात वर गेला आणि त्यानं मुंडाशाखाली बोट घालून डोकं खाजवलं.

"काय?" कस्तुराबाईनं विचारलं.

कोंडाजीचे ओठ हलले. शालूबाई कान टवकारून बसली होती.

"शेंदूर लय झाला," तो म्हणाला, आणि बैलांना हाकत खाली उतरला.

"बगा!" शालूबाई म्हणाली. "येवढा डोंगर चढून आले, त्ये शेंदराचं सांगाया."

---

दुसऱ्या दिवशी दिगंबर देवासमोर बराच वेळ उभा राहिला. मागं रखमाजी, आणि त्याच्या मागं सगळी रांग, पाट्या डोक्यावर पालथ्या घालून.

"हा देव आधी दिसला नव्हता मला."

"गवतात व्हता, सायेब," रखमाजी म्हणाला.

"कोणता देव हा?"

"म्हसोबा," रखमाजी म्हणाला.

"वाघजाई," त्याच क्षणी शालूबाई म्हणाली.

दिगंबरनं एकाकडून दुसरीकडं पाहिलं. "म्हणजे पुरुष की बाई?"

रखमाजीनं क्षणभर विचार केला. "जागरूक हाय, सायेब."

मागं कुणीतरी खोकलं. दिगंबर खाली वाकला. नमस्कार करून त्यानं दगडाला बोट लावलं आणि बोट बघितलं. ते ओलं, लालभडक झालं होतं. तेलाचा वास अजून ताजा होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, बोट पुसलं आणि रुमालाची घडी शेंदूर आत जाईल अशी घातली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "देवाची गैरसोय करायची नाही. स्टेशनच्या वाटेतला मारुती आपण हलवला, तसाच हाही हलवू. नवा ओटा बांधू, वाजतगाजत नेऊ. मंगळवारी गुरवांना बोलवा."

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मारुती हलवला तेव्हा हीच सगळी मंडळी लेझीम खेळली होती आणि दोनदोनदा प्रसाद घेऊन आली होती. कातळ फोडता येतो, तसा देव उचलता येतो. कंपनीकडं दोन्हींची सोय होती.

"गूळ-खोबरं कंपनीचं?" रखमाजीच्या तोंडून निघून गेलं.

"कंपनीचं."

"मग काय," रखमाजी म्हणाला, आणि मागं वळून त्यानं शालूबाईचा चेहरा पाहिला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो रांगेच्या दुसऱ्या टोकाला काम बघत राहिला.

त्या संध्याकाळी कस्तुराबाईनं भाकऱ्या थापल्या, त्या तिन्ही कडेला करपल्या. कोंडाजीनं करपलेलं काढून न टाकता तसंच खाल्लं.

"देव हलला तर बाकीचं समदं खनतील," ती चुलीकडं बघत म्हणाली.

"व्हय."

"भिंतीचा पाया मानसाहून खोल जातो म्हनं."

कोंडाजी पाणी प्याला. त्यानं तांब्या खाली ठेवला, परत उचलला, आत पाहिलं. कस्तुराबाई थांबली. पंचवीसएक वर्षांच्या संसारात ती अशी पुष्कळदा थांबली होती.

"गुरवाला म्हनावं, कौल लाव," शेवटी तो म्हणाला. "देवाला इचारल्याबिगर कसं हलवायचं?"

एका दमात एवढं तो लग्नाच्या बोलणीतही बोलला नव्हता.

---

मंगळवारी काम उशिरा सुरू करायचं ठरलं होतं. टेपाडावर सगळे अंघोळी करून आले होते. लेझीमवाले होते, ताशा होता, गुळाची ढेप होती. गुरव म्हाताऱ्या डोळ्यांचा, पण हात अजून स्थिर होता. कस्तुराबाई आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आली होती. तिथं ती म्हणाली एवढंच, की वरल्या कोपऱ्यातल्या देवाला कौल लावायचाय. म्हातारा तिच्याकडं बघून म्हणाला होता, "ठाव हाय बाई मला त्यो कोपरा." आणि आत जाऊन पडला होता.

आता त्यानं देवाला पाणी घातलं, शेंदूर लावला आणि दोन्ही खांद्यांवर एकेक फुलाची कळी चिकटवली.

"उजवी पडली तर देव निघाला," त्यानं मोठ्यानं सांगितलं. "डावी पडली तर देव हितंच ऱ्हानार. मंजूर हाय का समद्यांना?"

"मंजूर," सगळे म्हणाले. दिगंबरही म्हणाला.

उजवी कळी लावताना गुरवानं ती अंगठ्यानं अशी काही दाबली होती की वादळ आलं असतं तरी पांगारा आधी पडला असता. डावी नुसती टेकवली होती. दिगंबर तिथंच, हातभर अंतरावर उभा होता. त्यानं अंगठा बघितला. मग त्यानं टोपी काढून हातात घेतली.

डावी कळी पडली.

ताशेवाल्यानं काठी उचलली होती, ती त्याला खाली घ्यावी की वाजवावी ते कळेना. बायकांनी पदर कपाळाशी नेले. दिगंबर पांगाऱ्याला एक फेरी घालून आला आणि कस्तुराबाईसमोर थांबला. तिलाच का विचारावंसं वाटलं, कुणास ठाऊक. तिच्या नखांत अजून शेंदूर होता, म्हणून असेल.

"बाई, हा देव इथं कधीपासून आहे?"

शालूबाईनं मागून तिच्या दंडाला धरलं.

"मानमोडीपास्नं," कस्तुराबाई म्हणाली.

दिगंबरनं तिच्याकडं पाहिलं. मग दगडाकडं, अंगावर एकही जुना डाग नसलेल्या त्या नव्याकोऱ्या दगडाकडं. पुढं काही विचारावं असं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. टोपीच्या कडेवरची धूळ त्यानं बोटानं निरपली.

"राहू दे मग," तो म्हणाला. "भिंत अलीकडून घेऊ. पांगारा आणि देव बाहेर राहतील. खाली ओटा बांधून देऊ, म्हणजे कुणाला पाणी घालायला यायचं तर तारेत शिरावं लागणार नाही. मोठ्या साहेबांशी मी बोलतो."

टेपाडावर एकदम गलका झाला. ताशा कडकडला. रखमाजीनं गुळाची ढेप फोडली आणि पहिला खडा, जरा भीतभीतच, शालूबाईपुढं धरला. तिनं तो घेतला आणि म्हणाली, "जीब तेवढी वाईट न्हाई तुमची, मुकादम. निस्ती ढिली हाय." कस्तुराबाई पांगाऱ्याच्या बुडाशी बसली होती. तिनं दगडावरचा ओघळलेला शेंदूर पदराच्या टोकानं पुसला, जेवण झाल्यावर एखाद्याचं तोंड पुसावं तसा.

दिगंबर हसत होता. आपल्याला नीटसं न समजलेली एखादी गोष्ट नीट पार पडली की माणूस हसतो, तसा.

"चला, आता मात्र दिवस वाया घालवू नका," तो म्हणाला. "देवाभोवती चार हात सोडा, बाकी सगळं आज घ्यायचं. आधी ती जाळी तोडा. पाया तिथूनच जाणार आहे."

एक गडी कोयता घेऊन जाळीकडं निघाला. त्यानं पहिला घाव घातला, आणि कच्च्या करवंदांचा सडा खाली पडला.

"थांब," कोंडाजी म्हणाला.

तो गाडीपाशी नव्हता. तो केव्हा वर आला ते कुणी पाहिलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण कोंडाजीचा होता, म्हणून गडी थांबला.

कोंडाजी पांगाऱ्यापाशी आला. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि उलगडलं. पांढऱ्या केसांचं ते डोकं उन्हात उघडं असं कुणी कधी बघितलं नव्हतं. एकट्या कस्तुराबाईनं बघितलं होतं, त्या साली, केस काळे असताना. तो वाकला आणि दोन्ही हात मातीत घालून त्यानं देव उपटला.

"आबा!" रखमाजी ओरडला. "आवो, कौल पडलाय! देव..."

गुरवानं हात वर केला.

कोंडाजीनं दगड मुंडाशात ठेवला. एक पदर खालून घेतला, एक वरून, उरलेलं टोक आत खोचलं. घाई नव्हती. तो शेंदराचा दगड त्यानं डाव्या हाताच्या कोपरात घेतला, उजवा तळवा वरून धरला आणि तो जाळीकडं चालू लागला. ताशा थांबला होता. वाट सोडायला कुणी सांगितलं नाही, पण सगळे बाजूला झाले.

जाळीशी तो थांबला नाही, पाठ आधी घालून आत शिरला, काटे पाठीवर घेत, पुढचं ओझं सांभाळत. सदरा फाटल्याचा आवाज झाला. आत, दाट काट्यांच्या मधोमध, जिथं कोल्हं शिरणार नाही आणि तरसाला उकरता येणार नाही, तिथं पाचसहा दगड एकावर एक रचलेले होते. ते माणसानं रचले होते, हे आता तुटलेल्या फांद्यांतून सगळ्यांना दिसलं. कोंडाजी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं ते बोचकं त्या दगडांशी टेकवलं.

कस्तुराबाई पांगाऱ्याखालून उठली होती. तिचा हात खोडावर होता. त्या खोडाच्या बुडाशी तिनं आजवर किती तांबे ओतले असतील. ती खोडाकडं पाहत होती, आणि जाळीकडं, आणि त्या दोन्हींच्या मधे जिथं कोंडाजी भाकरी खायला बसायचा त्या जागेकडं.

"कोंडाजी," दिगंबर हळूच म्हणाला, "हे काय आहे? देव तिथं..."

कोंडाजीनं त्याच्याकडं बघितलं नाही. त्याच्या कपाळावर काट्याचा ओरखडा उठला होता. तो जाळीतून बायकोकडं बघत होता.

"तितं न्हवं गं," तो म्हणाला. "हितं. आपली मुक्ती हितं निजलीया."